आघाडीवर निघालेली बाई

कारगिलची लढाई चालू होती तेव्हा मी गारखेड्यातल्या एका वर्तमानपत्रात उपसंपादक होतो. एक दिवस एक अनोळखी बाई आली. पाठीवर भरलेली सॅक, पायात जाड बूट. म्हणाली, "मला आघाडीवर बातमीदार म्हणून पाठवा."

संपादकांनी तिला दुपारपर्यंत बाकावर बसवलं, मग आपुलकीनं सांगितलं, "बाई, तिथं बायकांसाठी संडास नाय."

"इथं तरी कुठंय? सकाळपासून दोनदा समोरच्या दवाखान्यात जाऊन आले."

तिनं शांतपणे बुटाची नाडी आवळली आणि ती निघून गेली. आम्ही कुणी तिचं नावही विचारलं नाही.

मग आमचा अनुभवी माणूस गेला. चौथ्या दिवशी त्याचा फोन आला, "साहेब, इथं संडास नाय."

संपादक हळहळले. "लगेच निघ. माणसानं किती हाल सोसायचे?"