वहिनींचे न खायचे कांदे

गणपतींच्या आधी, भर पावसात, शेजारची मारीमावशी छत्रीशिवाय, वाडीतून धावत आमच्या ओट्यावर आली. "तुजी वहिनी गेली रे," म्हणाली नि खाली बसली. मी माडीवर वर्तमानपत्र वाचत होतो, तिच्या हाकेने खाली आलो होतो. एकाच घरात राहून ही बातमी मला शेजारणीने सांगावी…

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ लढाईच्या वर्षांत तापाने गेला. आमची फुलांची वाडी. वहिनींचे हात पहाटेपासून मोगऱ्यात, पण विधवेच्या केसांत एक कळी जायची नाही.

साहेब लोक गेले तेव्हा मारीमावशी वांद्र्याच्या एका बंगल्यात स्वयंपाकाला होती. तिथल्या बागेतले वाटाण्याएवढे, शोभेच्या फुलांचे कांदे तिने आणून दिले. वाडीच्या ओल्या सावलीत निम्मे कुजले. उरलेले वहिनींनी विहीर खणताना निघालेल्या दगडांच्या ढिगावर, लख्ख उन्हात लावले. फटींत रेती भरली. आई म्हणाली, "कांदा नि तो खायचा नाही? मग काय आरती ओवाळायची त्याला?"

"देवाला चालत नाही, बाजारात खपत नाही," वहिनी म्हणाल्या, "म्हंजे माझाच राहील."

माघात ढीग जांभळा झाला. एका दुपारी वहिनी एक फूल घेऊन माझ्यासमोर आल्या. "भावजी, कांदाच हा. माळला तर कोणी काही म्हणेल का हो?" हसत होत्या, पण हात केसांपाशी थांबलेला. घरात कर्ता पुरुष मीच. 'माळा' एवढंच म्हणायचं होतं… मी वर्तमानपत्राचं पान उलटलं. त्यांनी फूल दगडावर ठेवलं आणि पुढे आमचं बोलणं वाढण्या-जेवण्यापुरतं उरलं.

वहिनींना वाटलं असेल, मी आईला भ्यालो. तसं नव्हतं. मी अविवाहित, त्या तरुण. फूल दिसताच गावाने आमची नावं जोडली असती. आणि निदान माझ्या बाजूने ते खोटं नसतं.

पावसाआधी त्या कांदे उपसून फडक्यात बांधत, चुलीवर धुरात टांगत. आई केव्हाच गेली. वहिनींमागे चूल पेटलेली नाही. भाकरी मारीमावशीकडून येते. दिवाळी झाल्यावर परवा ते गाठोडं खाली घेतलं. माती नाही, पाणी नाही, तरी कांद्यांना हिरवे कोंब फुटलेले. लावायला हवेत. ढिगापाशी जाऊन बसलोही… पण किती खोल पुरायचे, हे मी त्यांना कधी विचारलंच नाही.