टपावरचा पाळणा

आमच्या घरात वाटणी सरळ आहे. गाडी मी चालवते आणि गाडीची काळजी नवरा वाहतो. पेट्रोलची गाडी होती तेव्हा काळजी करण्यासारखं फारसं नव्हतं. टाकी भरली, दशम्या बांधल्या, निघालो. विजेची गाडी आल्यापासून मात्र कुठे जायचं म्हटलं की हा दोन दिवस आधीच मोबाईलवर नकाशा उघडून बसतो. फास्ट चार्जर कुठल्या गावाला आहे, हॉटेलच्या मागे आहे की पंपावर, मागच्या आठवड्यात तिथे कुणी गाडी लावली आणि खाली काय लिहून ठेवलं, हे सगळं मला वाचून दाखवतो. मी भाकरी थापत 'हं, हं' करते. लोकांना बीदर जिल्हा किल्ल्यावरून आणि बाजारावरून पाठ असतो, ह्याला चार्जरच्या हिरव्या टिंबांवरून.

पण नुसत्या टिंबांवर आमच्या भागात प्रवास होत नाही. पूर्वी हुमनाबादवरून भुर्रकन निघून गेलं तर कुणाला पत्ता लागत नसे. आता चार्जरला गाडी लावली की तासभर तिथेच उभं राहायचं, आणि तासाभरात ओळखीचं माणूस दिसलं नाही असं आमच्याकडे होतच नाही. आधी कुणीतरी "हे करंटवर चालतंय का अण्णा?" म्हणून नवऱ्याशी बोलायला येतो. मग आपण कुठले, कुणाचे, हे निघतं. संध्याकाळी घरी पोचायच्या आत फोन वाजतो, "हुमनाबादला तासभर हुबं हुताव म्हणं. घरी कामून आला न्हाई?" कलबुरगीच्या एका फेरीनंतर असे इतके फोन आले की नवऱ्याने हात टेकले. तेव्हापासून चार्जर ठरला की त्या गावातल्या पाहुण्यांना आधी कळवायचं, असा रिवाजच पडला.

पाहुण्यांकडे गेलं की जेवण आलं आणि निघताना पिशवी आली. आपला डबा कुणी रिकामा परत देत नाही. चिवडा नेला तर डब्यातून तूरडाळ येते, वर एखादा भोपळा येतो, आणि तरी त्यांना वाटत राहतं की काही दिलंच नाही. गाडीत एक जागा रिकामी दिसली तर त्या गावाला जाणारं कुणीतरी तिच्यावर बसतं, कारण रिकामी जागा नेणं बरं दिसत नाही. नवरा म्हणतो, आपली गाडी जाताना करंट भरते आणि येताना वजन. तो कुरकुरतो, पण मला ह्या फेऱ्या मनापासून आवडतात. इतकी वर्षं ज्या गावांच्या फक्त पाट्या वाचल्या, तिथल्या चुलीवरचा चहा मी ह्या गाडीमुळे प्यायले.

ही गोष्ट मात्र त्या प्रवासाची, ज्यात मला कुणाकडेही चहाला थांबायचं नव्हतं.

सोलापूरला माझा धाकटा भाऊ राहतो. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर, सगळ्यांनी विचारायचं सोडून दिल्यावर, त्याला मुलगी झाली. नामकरणाचा रविवार ठरला तेव्हा त्याने मला सांगितलं, "नाव तूच ठरव आणि तूच कानात सांग. तू आत्या आहेस." नाव मी केव्हाच ठरवलं होतं. फक्त वेळेवर पोचायचं होतं, कारण बौद्धाचार्यांना दुपारी दुसरीकडे लग्न लावायला जायचं होतं, आणि वंदना बाराच्या आत उरकणार होती.

वेळेवर पोचण्याची मला इतकी धास्ती का, ते सांगायला हवं. माझ्या नामकरणाला माझी आत्या वेळेवर पोचली नव्हती. वडील तेव्हा कलबुरगीला नोकरीला होते. आत्या दुबलगुंडीहून निघाली ती सुताराकडून मुद्दाम करून घेतलेला सागवानी पाळणा बसच्या टपावर बांधून. बस मध्येच बंद पडली. इकडे बौद्धाचार्यांना पुढच्या गावी जायचं होतं, लोक खोळंबले होते. शेवटी शेजारच्या बाईंनी मला मांडीवर घेतलं आणि त्यांच्या आवडीचं एक नाव माझ्या कानात सांगून टाकलं. शाळेत, कॉलेजात, आता मी जिथे शिकवते तिथेही, मी त्याच नावाने आहे. आत्या दिवेलागणीला पाळणा घेऊन पोचली आणि म्हणे उंबऱ्यातच बसून रडली. तिने ठरवलेलं नाव तिच्या तोंडातच राहिलं. पण आत्या हट्टी. तिने ते नाव टाकलं नाही. जन्मभर ती एकटीच मला त्या नावाने हाक मारत आली.

तेच नाव मी भाचीला द्यायचं ठरवलं होतं. आत्याला ह्यातलं काही बोलले नव्हते. ती आता सत्तरी ओलांडलेली, दुबलगुंडीलाच असते. जाताना तिला गाडीत घ्यायचं होतं.

आदल्या रात्री बीदरला आमच्या मैलूर भागातली लाईट गेली. सकाळी बघतो तर बॅटरी निम्मीच भरलेली. नवरा शांत होता, कारण त्याच्याकडे नकाशा होता. "दुबलगुंडीवरून आत्याला घेऊ. बसवकल्याणच्या फाट्यापाशी फास्ट चार्जर आहे. तिथे भरलं की थेट सोलापूर. निवांत पोचू," तो म्हणाला. ह्या माणसाने 'निवांत' म्हटलं की मी घड्याळ बघते.

दुबलगुंडीला आत्या नवं लुगडं नेसून ओट्यावर बसली होती, आणि तिच्या शेजारी पाळणा. तोच सागवानी, तेलाने पुसून चकचकीत केलेला.

"आत्या, भावानं नवीन पाळणा आणलाय तिकडं. प्लास्टिकचा," मी म्हणाले.

"प्लास्टिकचा? मग ते राहू दे खेळण्यात. लेकरू ह्यात निजंल."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. टपावर उभं ओझं बांधलं की वारा धरतो आणि विजेच्या गाडीची बॅटरी भराभर उतरते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण आत्यासमोर वाऱ्याचं शास्त्र कोण काढणार? त्याने मुकाट्याने पाळणा टपावर चढवला आणि सुंभाने करकचून बांधला. मग ज्वारीचं पोतं आलं, डाळीचं आलं, आणि गल्लीतली दोन माणसं हुमनाबादपर्यंत म्हणून मागे बसली. निघालो तेव्हा गाडी लग्नाच्या वऱ्हाडासारखी दिसत होती.

हायवेला लागल्यावर पाळणा शिट्टी घालायला लागला. वारा त्याच्या कठड्यांतून जाई आणि वर बारीक सूर निघे. आत्याला तो फार आवडला. "बग, गायलाय," ती म्हणाली. नवरा समोरच्या पडद्यावरचा बॅटरीचा आकडा बघत होता आणि दर थोड्या वेळाने मला ऐकू येईल इतपत सुस्कारा टाकत होता. मी त्याला म्हटलं, आकडा वाचून दाखवलास तर तुला इथेच उतरवीन. मी एसी बंद केला, गाडी बैलगाडीच्या मागे लागल्यासारखी हळू घेतली, आणि कसेबसे आम्ही फाट्याला पोचलो.

चार्जर उभा होता, पण काळाठिक्कर. शेजारच्या पंपावरचा माणूस लांबूनच हात हलवत आला. "नक्को मॅडम, सुबू से बंद है. लाईनच नै."

पुढचा चार्जर उमरग्याला. तिथवर गाडी जाणार नाही हे न विचारताच कळत होतं. मी स्टेअरिंगवर डोकं टेकलं. माझ्या डोळ्यांपुढे कुणीतरी परकी बाई माझ्या भाचीला मांडीवर घेऊन बसलेली दिसायला लागली. राग आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना. आत्या मागून शांतपणे म्हणाली, "कल्याणात माज्या नणंदंच्या सुनंची गिरण हाय. गिरणीत करंट असतंय की."

बसवकल्याण फाट्यापासून आत थोडंच. गिरणी एका बोळात होती आणि समोर दळणाचे डबे घेऊन बायका बसल्या होत्या. घराच्या प्लगवर लावायची वायर आमच्या डिकीत असते. नवऱ्याने ती काढली आणि गिरणीच्या मोठ्या प्लगला जोडली. गाडीचा चार्जिंगचा दिवा लागला. गिरणी सुरू झाली आणि दिवा गेला. गिरणी बंद केली, दिवा आला. मग नणंदेच्या सुनेने कमरेवर हात ठेवून बायकांकडे बघितलं.

"आजची गिरण बंद. पावन्यांची गाडी दळायलोय," ती म्हणाली.

बायका हसल्या. एकीने तर टपावरचा पाळणा बघून लेकरू कुठाय म्हणून गाडीत डोकावून बघितलं. सगळं सांगितल्यावर त्या डबे घेऊन उठल्या नाहीत, उलट काय होतं ते बघायला ऐसपैस बसल्या. पण गिरणीचा प्लग म्हणजे फास्ट चार्जर नव्हे. नवऱ्याने मनातल्या मनात गणित केलं आणि ओशाळून म्हणाला, "उमरग्यापुरती बॅटरी भरायलाच दुपार होईल."

भावाला फोन केला. तो म्हणाला, "बौद्धाचार्यांना थांबवून बघतो." मला ते वाक्य ऐकवेना. आमच्या घरात अशाच एका दिवशी कुणीतरी कुणाला तरी थांबवून बघितलं होतं.

तेवढ्यात आत्या गाडीतून उतरली. पदर खोचला आणि मला म्हणाली, "चल. सोलापूरची बस भेटतीया स्टँडावर."

"आणि पाळणा?" मी विचारलं.

आत्याने टपाकडे बघितलं. मग जे मी इतक्या वर्षांत कधी ऐकलं नव्हतं ते ती बोलली. "त्या दिशी मागनं दुसरी बस आलती. समदे चढले. कंडक्टर म्हणला, पाळणा घ्याय जागा न्हाई. म्या म्हणलं, पाळण्याबिगर म्या कशी जाऊ? बसले तितंच, पाळण्यापाशी." तिने टपाकडे पाठ केली. "तवा अक्कल न्हवती गं. आधी मानूस पोचाय पाहिजे. लाकूड काय, येतंय मागनं."

मी तिचा हात धरला आणि आम्ही स्टँडकडे जवळजवळ पळतच निघालो. नवरा गिरणीच्या दारात बायकांच्या पहाऱ्यात एकटा उरला.

बस मिळाली. खिडकी आत्याला दिली. बस कुठे हळू झाली की ती कंडक्टरकडे संशयाने बघे. उमरग्याला ड्रायव्हर चहाला उतरला तर तिने त्याला खिडकीतून सुनावलं, "चा नंतर पी बाबा, आमच्या घरी पी. नातीचं नामकरण हाय." ड्रायव्हर हसला आणि कप हातात घेऊनच चढला. सगळी बस आमच्या नामकरणात सामील झाली. नळदुर्गाला उतरणाऱ्या एका म्हाताऱ्याने आत्याच्या हातात पेढ्यांचा पुडा ठेवला आणि म्हणाला, "लेकराला माझ्याकडून."

भावाच्या घरी पोचलो तेव्हा मेणबत्त्या पेटल्या होत्या आणि सगळे हात जोडून बसत होते. भाऊ दारात उभा होता. त्याने माझ्या हातातली पिशवी घेतली. प्लास्टिकचा पाळणा कोपऱ्यात होता, पण आत्याने कुणाला विचारलं नाही. सरळ बैठक मारून ती लेकरू मांडीवर घेऊन बसली. त्रिशरण झालं, पंचशील झालं. मग मी वाकले आणि त्या इवल्या कानात नाव सांगितलं.

हळू सांगितलं, पण आत्याला ऐकू गेलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही. लेकराच्या टाळूवर हात ठेवून ती नुसती बसून राहिली, आणि लोक टाळ्या वाजवून पेढे वाटायला लागले तरी तिने हात काढला नाही. मी खूप आनंदात होते. इतकी की पेढा कुणाला दिला आणि कुणाला नाही तेही मला कळत नव्हतं.

दिवेलागणीला खाली हॉर्न वाजला. नवरा पोचला होता. टपावर पाळणा जसाच्या तसा, आणि मागच्या सीटवर पिठाचे डबे. गिरणीवरच्या बायकांनी, लेकराच्या घरी रिकामी गाडी कशी पाठवायची म्हणून, गिरणी सुरू झाल्यावर प्रत्येकीने आपल्या दळणातलं काढून दिलं होतं. कुणाचं ज्वारीचं, कुणाचं बेसन. नवऱ्याच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या होत्या. "उमरग्याचा चार्जर एकदम झकास आहे," तो जिना चढताचढता मला सांगत होता. "चहाही बरा आहे."

पाळणा खोलीत मांडला. लेकरू त्यात निजवलं. मी स्वयंपाकघरात त्या पिठाच्या भाकरी थापत होते. बाहेरून आत्याची हाक आली, त्याच नावाने, जन्मभर आली तशी.

"ओ," मी म्हणाले आणि पीठभरल्या हाताने बाहेर गेले.

आत्या पाळण्यावर वाकली होती. "तुला न्हाई गं. हिला हाक मारायलेय."

सगळे हसले. मीही हसले, आणि हसतानाच आत कुठेतरी लागलं. ती हाक आता माझी राहिली नव्हती. "मग मला काय म्हणणार तू?" मी विचारलं.

"तुला?" आत्याने डोळे पुसले आणि पाळण्याची दोरी माझ्यापुढे केली. "तू आता आत्या. ये आत्या, धर. माजा हात दुखायलाय."

मी हात झटकले आणि दोरी धरली.