शेवटची बाई वळेपर्यंत

आम्ही ज्या एका वादकाचे चाहते आहोत त्यांना ऐकायचं तर तिकीट मिळत नाही, त्यासाठी कुणाचं तरी लग्न असावं लागतं. ते वसईतल्या एका बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतात. चर्चमधून नवरा-नवरी बाहेर आली की पुढे बँड, मागे जोडपं, त्यांच्या मागे नातेवाईक, असं सगळं चालत घरी निघतं. त्या रस्त्यावर जे काही होतं तीच त्यांची मैफल. रेकॉर्ड नाही, सीडी नाही. मोबाइलवर घेतलेलं त्यांचं वादन मागून आलेल्या ट्रकसारखं ऐकू येतं. म्हणून कॉलेजच्या दिवसांपासून आम्ही तिघं अनोळखी लोकांच्या वरातीत सामील होत आलो. घराच्या फाटकापर्यंत जायचं आणि परत फिरायचं, असा आमचा नियम होता. जेवणाचा वास चांगला आला तर नियम थोडा सैल व्हायचा.

तिघं म्हणजे मी, एक मित्र आणि एक मैत्रीण. मित्र खाडीकाठच्या शेतकरी घरातला. वडील भात लावायचे, त्याचा सातिवलीला गाळा आहे आणि तिथे तो बाटल्यांची झाकणं बनवतो. मैत्रीण ख्रिस्ती वाडीतली. शाळेत भूगोल शिकवते, आणि सुटीच्या दिवशी आम्हाला शिकवते. वादक तिच्या आईच्या गावचे, म्हणून ती त्यांना मामा म्हणते, म्हणून आम्हीही म्हणतो.

मामांची ख्याती एका सुरासाठी आहे. वरातीच्या वाटेवर कुठेतरी वळण असतंच. तिथे मामा एक संथ चाल वाजवतात आणि तिचा शेवटचा सूर धरून ठेवतात. बाकीचा बँड गप्प होतो. मामा वळणावर उभे राहतात, मान मागे वळवतात आणि वरातीच्या शेपटाकडे बघत राहतात. शेपटाला नेहमी वयस्कर बायका असतात. त्यांचे गुडघे दुखत असतात, साड्या नव्या असतात आणि बोलणं संपलेलं नसतं. त्यांतली शेवटची बाई वळली की मामा सूर सोडतात. त्या सुरात लोकांना विरह ऐकू येतो, आम्हालाही यायचा. एकदा मामांनीच खुलासा केला. पूर्वी एका लग्नात बँड पुढे निघून गेला, मागे राहिलेली नवऱ्याची आत्या चुकून दुसऱ्याच लग्नघरी गेली आणि जेवून आली. घरात मोठं भांडण झालं. तेव्हापासून मामा सगळ्या बायका वळल्याशिवाय पुढे जात नाहीत.

गेल्या डिसेंबरात मैत्रिणीचा फोन आला.

"मामांचे वरचे पुढचे दात हलतायत. सोमवारी डॉक्टर सगळे काढणार."

ओठांमागे दात नसतील तर ट्रम्पेट टेकवणार कशावर? कवळी मिळते, पण कवळीने हसता येतं, वाजवता येत नाही, असं बँडमधले जुने लोक सांगतात. म्हणजे सोमवारनंतर मामा वाजवणार नव्हते. त्याआधी एकदा ऐकावं म्हटलं तर नाताळापूर्वीचा आगमनकाळ चालू होता, त्यात चर्चमध्ये लग्नं लागत नाहीत. हिंदूंची लागतात, पण तिथे आता डीजे असतो.

"मग ऐकायचं कुठे?" मी विचारलं.

"रविवारी उमेळ्याला त्यांचा सत्कार आहे. पत्रिकेत वादन लिहिलंय."

पत्रिका तिने पाठवली. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, मान्यवरांची मनोगतं, सत्कार, आणि आभारप्रदर्शनाच्या वर, कंसात 'वेळ असल्यास', वादन.

कार्यक्रम चार वाजता होता. मित्राने सकाळीच गाडी काढली. एवढ्या मोठ्या कार्यक्रमाला थेट जाणं त्याला बरं वाटेना, म्हणून आम्ही आधी कळंबला जेवायला गेलो. ज्या कॉटेजमध्ये बसलो तिच्या पाटीवर समुद्र दिसतो असं लिहिलं होतं. पाण्याच्या टाकीवर उभं राहिलं तर दिसतो, असं वाढणाऱ्या बाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं.

"पोटभर जेवा," मित्र म्हणाला. "मामांचा शेवटचा दिवस हाय. उपाशी पोटानं नको."

"शेवटचा दिवस दातांचा आहे," मैत्रीण म्हणाली. "मामा ठणठणीत आहेत."

"तेच म्हनतोय. पन वाजवायला देतील ना?"

"न देऊन सांगतात कुणाला? मी पहिल्या रांगेत बसणार आहे."

मित्राने सुरमईचा तुकडा माझ्या ताटात सरकवला. "आता देतील," तो मला म्हणाला.

उमेळ्याचं ते मैदान पूर्वी केळीची बाग होतं आणि पुढे इमारत होणार आहे. मधल्या काळात तिथे महोत्सव भरतो. कमानीवर आयोजकांचा हात जोडलेला फोटो होता, त्याहून थोडे लहान त्यांचे दोन बंधू होते, आणि खाली कोपऱ्यात, पासपोर्टच्या आकारात, मामा. मामांच्या शेजारी वाद्याचं चित्र होतं. ते सॅक्सोफोनचं होतं.

मला वाटलं होतं, बिचारे मामा ओशाळून बसले असतील. तसं काही नव्हतं. मामांनी खास कोट शिवून घेतला होता, केसांना रंग लावला होता आणि मंचावरच्या सोफ्यावर ते नवरदेवासारखे बसले होते. सोफा इतका खोल होता की त्यांचे गुडघे छातीपर्यंत आले होते. मांडीवर ट्रम्पेट. आम्हाला पाहून त्यांनी हात हलवला नाही, फक्त मान किंचित झुकवली. मान्यवर तशीच झुकवत होते.

प्रमुख पाहुणे येईपर्यंत सूत्रसंचालकाने आमच्याकडून तीन वेळा टाळ्या वाजवून घेतल्या. शेवटी पाहुणे आले. समईच्या वाती वाऱ्याने लागेनात, तेव्हा पाच मान्यवर समईभोवती कडं करून उभे राहिले आणि एक वात लागल्यावर सगळ्यांनी फोटो काढून घेतला. स्वागतगीताच्या मुलींचा सत्कार झाला. मैदान दिल्याबद्दल मैदानाच्या मालकांचा सत्कार झाला. आयोजक स्वतःच मालक असल्याने तो त्यांच्या बंधूंनी केला.

मग भाषणं. पहिल्या वक्त्याने वसईच्या केळ्यांचा इतिहास सांगितला. दुसऱ्याने मामांचं कौतुक केलं, पण त्याला वाटत होतं की मामा सनई वाजवतात. सनईवर तो चांगला बोलला. पाहुणे म्हणाले की कलाकाराला पैसा नको असतो, प्रेम हवं असतं. मामांनी या वाक्याला टाळी वाजवली नाही.

"कोन हाय अजून?" मित्राने विचारलं.

"दोघं," मैत्रीण म्हणाली. तिने पर्स मांडीवरून उचलून खुर्चीखाली ठेवली, जसा कुणी बाह्या सरसावतो.

मामांना एक शाल मिळाली, एक श्रीफळ मिळालं, चर्चच्या मनोऱ्यासारखं दिसणारं एक स्मृतिचिन्ह मिळालं. मग आयोजकांच्या बंधूंनाही शाल घालायची होती म्हणून दुसरी शाल मिळाली. सूत्रसंचालक हातातला कागद पाहत म्हणाला, "वेळेअभावी आता आपण आभारप्रदर्शनाकडे..."

मैत्रीण उभी राहिली. ती ओरडली नाही. आठवीच्या वर्गात शेवटच्या बाकाला ऐकू जावं अशा आवाजात ती म्हणाली, "वादन राहिलं."

सूत्रसंचालकाने आयोजकांकडे पाहिलं. आयोजकांनी पाहुण्यांकडे पाहिलं. पाहुण्यांनी घड्याळाकडे पाहून उदारपणे हात केला. "दोन मिनिटं चालेल."

मामा उठायला गेले. कॅमेरावाला म्हणाला, "अंकल, बसूनच. फ्रेम लावलीय."

म्हणून मामांनी बसून वाजवलं. उभ्या आयुष्यात त्यांनी बसून वाजवलं नव्हतं. छातीला गुडघे टेकलेले, खांद्यांवर दोन शाली, आणि पुढ्यात धरलेला माइक ट्रम्पेटच्या इतका जवळ की पहिला सूर फाटूनच आला. चाल तीच होती. पण ती चालायची असते, त्यामुळे बसल्या जागी ती कुठे जाईना. शेवटचा सूर आला. सवयीने मामांनी मान मागे वळवली.

मागे फलकावर आयोजकांचा बारा फुटी हसरा चेहरा होता. तो कुठेही वळणार नव्हता.

मामांनी त्याच्याकडे क्षणभर पाहिलं आणि सूर सोडून दिला.

टाळ्या भरपूर झाल्या. पाहुण्यांनी अंगठा दाखवला. मैत्रीण टाळ्या वाजवत नव्हती, पर्स शोधत होती. पर्स पायाशीच होती.

मामांना घरी सोडायचं काम आम्ही मागून घेतलं. गाडीत ते पुढे बसले, मांडीवर ट्रम्पेट, त्यावर श्रीफळ.

"छान झालं, मामा," मैत्रीण म्हणाली.

"फादरकडे पापं सांगायला, कुमसाराला गेलीस की हे पण सांग."

"कार्यक्रम छान झाला, असं म्हणाले मी."

"कार्यक्रम छानच झाला," मामा म्हणाले. "दोन शाली. आमच्या फादरांच्या सत्काराला एकच होती. एवढंच की वाजवायला सांगायला नको होतं."

एवढी वर्षं मी सत्कारांची चेष्टा करत आलो आहे, आणि ज्यांच्या वतीने करत होतो त्यांना सत्कार आवडला होता. मी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर इमारती होत्या.

"दुखलं का?" मित्राने विचारलं.

"दात? दुखतात ते. दुखल्याचं काही नाही." मामांनी ट्रम्पेटच्या तोंडावरून अंगठा फिरवला. "शेवटचं असं व्हायला नको होतं."

मामांच्या वाडीच्या तोंडाशी क्रूस आहे. तिथून पुढे पाइपलाइनसाठी रस्ता खणलेला होता, गाडी जाईना. घर तिथून फार लांब नाही. दोन्ही बाजूंनी कुंपणं, थोडं सरळ गेल्यावर विहीर, विहिरीपाशी वळण, आणि वळणापलीकडे घर. आम्ही उतरलो. दिवेलागणीची वेळ होती, क्रुसापाशी कुणीतरी मेणबत्ती लावून गेलं होतं. मित्राने श्रीफळ घेतलं, मी स्मृतिचिन्ह घेतलं. मामा पुढे दोन पावलं गेले आणि थांबले. ट्रम्पेट त्यांच्या हातात होतं.

मैत्रीण म्हणाली, "मामा, इथून घरापर्यंत."

"वेड लागलंय? आगमनकाळ आहे."

"लग्न लावायचं नाही. नुसतं चालायचं."

मामांनी आम्हा तिघांकडे पाहिलं. बँडवाला जसा वरात मोजतो तसं.

"नवरा कुठाय?"

"मी हाय की," मित्र म्हणाला. "मी पुन्हा तयार हाय."

"तुझ्या बायकोला फोन लावू?" मैत्रिणीने विचारलं.

"लाव. पन आधी मामांना वाजवू दे."

मामांनी एक शाल काढून मित्राच्या खांद्यावर टाकली. दुसरी स्वतःकडेच ठेवली. कोटाची बटणं लावली, ओठ ओले केले, जिभेने एकदा दात चाचपले आणि चालायला लागले.

माइक नव्हता, ड्रम नव्हता. मामा पुढे, त्यांच्या मागे हातात नारळ घेतलेला नवरदेव, त्याच्या मागे मी, चर्चचा मनोरा काखेत धरून. मैत्रीण सगळ्यात मागे. चाल त्यांच्या पावलांतून निघत होती. खड्डा आला की ती जरा थांबायची, खड्डा ओलांडला की पुढे जायची. एका घराची खिडकी उघडली आणि आतून बाईंनी विचारलं, "कोणाचं लग्न?"

"कोनाचंच नाय," मित्राने शाल सावरत सांगितलं. बाई खिडकीतच उभ्या राहिल्या. दुसरी खिडकी उघडली.

विहिरीपाशी मामा वळणावर उभे राहिले आणि त्यांनी शेवटचा सूर धरला. तो सूर मी किती वेळा ऐकला आहे, पण त्या सुरासाठी ते काय करतात हे इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. गालाची शीर फुगली होती, डोळ्यांच्या कडा ओल्या होत्या, ट्रम्पेट त्या हलत्या दातांवर दाबलेलं होतं. मान मागे होती. मित्र वळला. मी वळलो. मग मीही मागे पाहिलं.

कॉलेजात असताना आम्ही शेपटाच्या त्या बायकांना हसायचो. मैत्रीण तर सगळ्यात जास्त हसायची. आता वरातीची शेवटची बाई तीच होती. सकाळपासून ती आमच्या पुढे चालली होती, कळंबच्या वाळूतसुद्धा. इथे तिने गुडघ्यावर हात ठेवला. दोन पावलं टाकली आणि थांबली. कुंपणावरची जास्वंद पाहिली. पुन्हा एक पाऊल टाकलं.

मामा तिच्याकडे बघत होते. सूर बारीक झाला, पण तुटला नाही. नाकाने त्यांनी कुठूनतरी श्वास चोरला आणि सूर पुन्हा भरून आला.

वळणाच्या अलीकडे ती खाली वाकली आणि चपलेचा बंद बांधू लागली. तिच्या चपलेला बंद नव्हते.