शुक्रवारी येणारी अक्षरं

नाटकात मी आयुष्यभर खोटं रक्त सांडलं. खरं पाहिलं ते भिवंडीच्या नारपोलीत, माझ्या शेजाऱ्याच्या, केसरीनाथच्या कानांतून वाहताना.

केसरीनाथ हौशी रेडिओवाला. रीतसर परवाना काढलेला. मोर्सचे टिंब-रेघांचे संकेत नुसत्या कानांनी वाचायचा आणि असा खुलायचा, जणू समोर कुणी पान जमवत बसलंय! कारवारचे कुमार त्याचे रेडिओवर जुळलेले जिवाचे मित्र. भेट मात्र कधीच नाही.

त्याच्या रेडिओच्या एरियलची वायर धाकट्या भावाच्या, तुळशीरामच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या शेडवरून जायची. एका दुपारी तुळशीराम अंगणात येऊन गरजला, "दादा, तुजे वायरीनं माजा धागा तुटतंय! काप ती!"

"सडकं सूत तू आणतोस, आन् शिव्या माजे वायरीला?" केसरीनाथ हसला.

ते हसणंच नडलं. तुळशीरामच्या हातात धोटा होता, लूमवर धावणारा, पोलादी टोकांचा. तो त्यानं भावाच्या डाव्या कानावर हाणला. केसरीनाथ कोसळला, तर उजव्या कानावर लाथ. पुन्हा लाथ. आम्ही तुळशीरामला ओढून काढेपर्यंत लादी लाल झाली होती. जाता जाता त्यानं वायरही तोडली.

दोन्ही कान गेले.

केसरीनाथच्या लेकीनं, मृणालीनं घरातच आखूड तार लावून रेडिओ कम्प्युटरला जोडला. एका सॉफ्टवेअरनं संकेतांची अक्षरं पडद्यावर उमटू लागली. पण लूम सुरू झाले, की त्यांच्या मोटारींच्या ठिणग्याही सॉफ्टवेअरला संकेतच वाटायच्या. एका टिंबाचा ई, एका रेघेचा टी, नुसत्या त्यांनीच पडदा भरायचा. त्या चिखलात कुमारांची हाक बुडून जायची.

"एकदा त्यांचं बोलणं वाचलं, की मी जिता हाय," केसरीनाथ म्हणायचा.

शुक्रवारी आठवड्याची सुट्टी, भिवंडीतले लूम बंद. आम्ही तुटकी वायर पुन्हा ताणली. पडदा स्वच्छ होता, आणि अक्षरं आली! कुमार विचारत होते, कुठे होतास? काय झालं?

तेवढ्यात दारात तुळशीराम. हातात तोच धोटा. "परत बांधलीस?"

केसरीनाथची पाठ दाराकडे. त्याला काय ऐकू येणार! त्याच्या बायकोनं, रंगूबाईनं कोयता उचलला. "भावजी, पाय आत टाकलात तर तोडीन!"

केसरीनाथ कुमारांना उत्तर धाडायला मोर्सची कळ दाबत होता. पाठवलेला शब्द तोंडानं म्हणायची सवय, आणि आवाजाचा अंदाज सुटलेला, त्यामुळे ओरडूनच म्हणत होता, "कान गेले. भावाचे शेडमधी धोटा उडाला. दोष कुनाचा न्हाय."

तुळशीरामचा उगारलेला हात तसाच राहिला. मग तो पाठ फिरवून निघून गेला. रंगूबाईनं कोयता मात्र मांडीवरच ठेवला.

शनिवारी लूम पुन्हा धडधडले, पडदा पुन्हा बरबटला. वायर कुणी कापली नव्हती. केसरीनाथनं कम्प्युटरवर फडकं टाकलं आणि मला मोठ्यानं बजावलं, "शुक्रवारी ये रं!"