कंट्रोल सरांची गाणी

१२ जानेवारी. सेनगावातल्या आमच्या टायपिंग सेंटरवर सरांचा जुना कॉम्प्युटर रिकामा करायचं काम आज काढलं. त्यांच्या मुलीला तो नको आहे आणि मला अर्ज टाइप करायला एक मशीन कमी पडतं.

या कॉम्प्युटरला माउस नाही. कधीच नव्हता. सर सगळी कामं की-बोर्डवरून करायचे, म्हणून पोरी त्यांना कंट्रोल सर म्हणायच्या. कोणी माउस मागितला की म्हणत, "काहून? चिमट्यानं भाकर खाती का गं कोणी?" फाइल उचलायला कंट्रोल-एक्स, ठेवायला कंट्रोल-व्ही, नाव बदलायला एफ-टू. वीस वर्षांपूर्वी मी हे त्यांच्याकडे शिकले आणि तिथंच कामाला लागले. पडद्याकडे पाहिलं की रागवायचे. "बोटाला इच्यार, सुनंदा. डोळे फसवतेत."

कंट्रोल-सी मात्र त्यांनी कुणाला मनापासून शिकवलं नाही. कॉपी म्हणजे पसारा. "एक चीज, एक जागा. दोन जागी ठिवली की दोन्ही जागी हरवती." नको असलेली फाइल ते कचरापेटीत ठेवत नसत, शिफ्ट-डिलीटनं थेट उडवत. खरंच काढायची का, असं मशीन विचारतं. तो प्रश्न उमटायच्या आत त्यांचं बोट एंटरवर पडलेलं असे.

त्यांना एकच छंद होता. रविवारी ते आसपासच्या गावांत जाऊन म्हाताऱ्या बायांची भीमगीतं, पाळणे फोनवर भरून आणत. सोमवारी सगळं कॉम्प्युटरवर हलवलं की फोन मोकळा. प्रत्येक फाइलला गाणारणीचं नाव आणि तिचं गाव. अशा शंभरावर फाइली झाल्या होत्या. पहिली त्यांच्या आईची. बहुतेक बाया पुढे वारल्या, आईसुद्धा.

"सर, पेनड्राइव्हवर एक कॉपी घ्या, मशीन म्हातारं झालं," असं म्हणत मीच वर्षभर त्यांच्या मागे लागले. शेवटी मागच्या जूनमध्ये एका दुपारी त्यांनी जुना पेनड्राइव्ह लावला. आधी त्यातला कचरा काढायचा होता. पडद्यावर दोन विंडो उघड्या, एक पेनड्राइव्हची, एक गाण्यांची. एकीतून दुसरीत जायला ऑल्ट-टॅब. तो एकदा जास्त दाबला गेला. सगळं निवडायला कंट्रोल-ए, मग शिफ्ट-डिलीट, एंटर. कचऱ्याऐवजी गाणी उडाली. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, आणि पाहायची सवयही नाही.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मी जेवायला घरी गेले की शटर अर्धं ओढून घ्यायचे, एवढंच कानावर आलं. दोन महिन्यांनी एकदा मी लवकर परतले, तर आत सर गात होते. आठवेल तसं, आठवेल तेवढं, मशीनमध्ये भरत होते, जुन्याच नावांनी.

"काय करून राहिले सर?"

"भरून काढून राहिलो," ते म्हणाले. मग सगळं सांगितलं.

मी मशीन नांदेडला नेलं. उडालेल्या फाइली काढून देणारा माणूस दोन दिवसांनी म्हणाला, "बाई, त्याच दिवशी मशीन बंद केलं असतं तर बरंच निघालं असतं. त्या जागेवर आता नवं लिहिलंय."

सेंटरवर येऊन हे सांगितलं, तर सरांनी विचारलं, "नवं कोणतं?"

"तुम्ही गायलेलं," मी सांगून टाकलं. मला गोलमोल बोलता येत नाही. त्या दिवशी तरी ते जमायला हवं होतं. सर उठले, चपला घातल्या आणि पुन्हा सेंटरवर आले नाहीत. दिवाळीनंतर वारले.

आज तो फोल्डर उघडला. तेवीस फाइली. नाव कौतिकाबाई, गाव साखरा; आवाज सरांचा, घोगरा, मधलं कडवं सुटलेलं. आईच्या नावाची फाइल सगळ्यात मोठी. तीत ते पहिली ओळ म्हणतात, थांबतात, पुन्हा पहिलीच ओळ म्हणतात. कितीतरी वेळा. शेवटी, "न्हाई येत."

संध्याकाळी चार फोन केले. त्या तेवीस जणींपैकी एकटी कौतिकाबाई हयात असल्याचं कळलं. 

१३ जानेवारी. सकाळी पहिल्या एसटीनं साखऱ्याला गेले. म्हातारी ओसरीवर उन्हाला बसली होती. मी फोन पुढे धरला, गाणं म्हणा म्हटलं.

"आता कुठलं माय," ती म्हणाली. "गळा गेला, ध्यान बी राहिलं न्हाई. पर तू काहून तकलीफ घेती? समदं सरांच्या मशीनीत भरून ठिवलंय न मी. तिथून घे."

"बराबर," मी म्हणाले. तिच्या सुनेनं दिलेला चहा घेतला आणि दहाच्या आत येऊन शटर उघडलं.