तिसऱ्या शिट्टीपर्यंत

माझ्या शाळेतली एक तरुण बाई मी रिटायर झाल्यावरही अधूनमधून घरी यायची. तिनं मला हा उद्योग शिकवला. घरातली एखादी साधी वस्तू समोर ठेवायची, घड्याळ लावायचं आणि वेळ संपेपर्यंत पेन उचलायचं नाही. जे आठवेल ते लिहायचं. खोडायचं नाही. मी म्हटलं, अगं, जन्मभर पोरांच्या वह्या लाल केल्या मी, मला न खोडता कसं जमेल? ती हसली. मला काही हसू आलं नाही. रिकामपणाचे धंदे सारे, असं म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी बसले.

घड्याळ मात्र लावलं नाही. कुकर गॅसवर चढवला की पेन टेकवायचं आणि तिसरी शिट्टी झाली की थांबायचं. भातही होतो, लिहिणंही होतं. कागद म्हणजे किराणा दुकानातून फुकट मिळालेल्या कॅलेंडरची जुनी पानं, मागून कोरी. पहिल्या दिवशी चष्म्याच्या डबीवर लिहिलं, मग सांडशीवर. सांडशीवर काय लिहिणार, माझं कपाळ! पण लिहिलं.

तेव्हा माझी माय माझ्याजवळ साकोलीला होती, आणि तिनं बोलणं सोडलं होतं.

बाप हिवाळ्यात गेला. माय करडी गावाच्या पलीकडे आमच्या गावी एकटी राहिली. उन्हाळ्यात विहिरीवर तिचा पाय घसरला, मनगट सुजलं. मला शेजारच्या काकूचा फोन आला आणि माझं डोकंच भडकलं. गेले, घराला कुलूप ठोकलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि मायला घेऊन आले. विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? आणताना तिनं एकच हट्ट केला, मोरा घेईन म्हणाली. मोरा म्हणजे बांबूच्या कामट्यांत पळसाची पानं दाबून केलेला आडोसा. डोक्यावरून पाठीवर उतरतो, पावसात वाकून भाताची रोपं लावताना, म्हणजे रोवणा करताना, दोन्ही हात मोकळे राहतात. ते धूड बसमध्ये चढवताना कंडक्टर म्हणाला, "मावशी, गाडी गळत नाही आमची." माय त्याच्याकडे पाहून हसली. त्यानंतर कितीतरी दिवस ती हसली नाही.

साकोलीला आली आणि हळूहळू तोंडाला कुलूप. मान हलवायची तेवढीच. ताटात चार घास, तेही मी डोळे वटारले म्हणून. डॉक्टरनं सारं तपासलं, म्हणाला, वयानं होते असं. मोरा मागच्या व्हरांड्यात खिळ्याला टांगला होता आणि ही त्याच्याखाली दिवसभर रस्त्याकडं पाहत बसायची. जिल्हा तुटला, गोंदिया वेगळा झाला, तेव्हा माझी इथं बदली झाली. तेव्हापासून या घरात मी एकटीच, शांततेची मला सवय. पण दुसरं माणूस असून शांतता, ही खायला उठते. मला एकच धास्ती होती, ही माझ्या घरात एक शब्द न बोलता मरणार. भीतीपायी मी तिच्यावर चिडायचे, मग स्वयंपाकघरात येऊन नाक पुसायचे.

एक दिवस वस्तू सापडेना, म्हणून मी मोराच काढून समोर ठेवला. कुकर चढवला आणि लिहीत सुटले. लिहिलं ते असं:

"हा मोरा घेऊन माय रोवण्याला जायची. बाया बांधीतल्या चिखलात ओळीनं वाकून भाताचे पऱ्हे लावायच्या. जिचा हात हळू, तिला बाकीच्या कोंडायच्या. तिच्या चारी बाजूंनी पऱ्हे रोवून टाकायच्या. लावलेलं रोप तुडवायचं नाही हा नेम, म्हणून ती आपली मधोमध उभी. मग तिनं हात जोडून वाट मागायची, तेव्हा कुणीतरी दोन रोपं उपटून तिला सोडवायची. माझी माय हळू होती. माझी माय कितीदा कोंडली जायची."

तिसरी शिट्टी झाली. मास्तरणीची खोड, लिहिलेलं मोठ्यानं वाचल्याशिवाय चैन नाही. वाचलं.

"खोटं हाय."

मी वळून पाहिलं. माय दारात उभी, भिंतीला हात देऊन.

"मले कोंडनारी अख्ख्या गावात पैदा नाई झाली! मास्तरीन झाली अन् मायच्या नावानं कायबी लिवून राहिली? कोंडली जायची थे तू. सुट्टीत यायची अन् सारा वेळ बांधीत उभीच. खोड थे."

मी रडायलाच लागले. म्हटलं, "माय, शाळेतल्या बाईनं शिकवलंय, यात खोडायचं नसतं."

"खोटं लिवाचं अन् खोडाचंबी नाई? मोठी शायनी तुही मास्तरीन! अन् रडून काहून राहिली? भात वाढ."

त्या दिवशी तिनं दुसऱ्यांदा भात मागून घेतला. मला आभाळ ठेंगणं झालं.

मग रोजचा परिपाठ झाला. कुकर चढला की माय येऊन पाटावर बसायची. मी कंदिलावर लिहिलं, दही घुसळायच्या रवीवर लिहिलं, बापाच्या टोपीवर लिहिलं. शिट्टी झाली की वाचायचं आणि तिनं भांडायचं. मी तर मुद्दाम खोटं लिहायला लागले. बापाला कारल्याची भाजी आवडायची असं लिहिलं, त्यावर ती जेवण होईपर्यंत बोलत होती. बोलता बोलता हसली, मग डोळ्याला पदर लावला. तो गेल्यावर पहिल्यांदाच रडली माझ्यासमोर. मला वाटलं, जिंकले मी. माय माझ्या घरात रमली.

आषाढ निम्मा सरला असेल. एक दिवस मी तांदूळ धुऊन आले तर टेबलावर वस्तू आधीच ठेवलेली. गावच्या घराची किल्ली. माझ्या पर्समधून काढली होती तिनं.

"आज याच्यावर लिव."

मी पेन टेकवलं. पहिली शिट्टी झाली. दुसरी झाली. तिसरीला कागद कोराच होता.

माय म्हणाली, अगदी शांतपणे, "जिंदगीभर मले कोनं कोंडलं नाई. तूनं कोंडली."

मी उसळलेच. "आणि पडलीस तर? कोण आहे तिथं पाहायला?"

"पडन तं उठन. नाई उठली तं आपल्या आंगनात तं राहीन."

गॅस बंद केला आणि किल्ली तिच्यापुढं सरकवली. लई राग आला तिचा. आणि तिचं खरं होतं, म्हणून जास्त आला.

तिला पोचवायला गेले तेव्हा मोरा पुन्हा बसमध्ये. भंडाऱ्याला गाडी बदलली, करडीच्या गाडीत मोरा मांडीवर घेऊन बसले. कुलूप तिनंच उघडलं. शेजारची काकू रात्री सोबतीला झोपायला येईन म्हणाली, पाणी तिचा नातू भरून देणार, आणि मी दर शनिवारी येणार. एवढ्यावर आमचा तह झाला.

दुसऱ्या दिवशी आमच्या बांधीत रोवणा होता. बाया मायला पाहून ओरडल्याच. तिला वाकता येत नव्हतं, म्हणून मोरा डोक्यावर घेऊन ती बांधावर बसली, पाऊस अगदी बारीक होता तरी. मी आपला पदर खोचला आणि उतरले चिखलात. सवय मोडलेली, कंबर भरून आली, जरा उभी राहून श्वास घेते तोच बांधावरून आवाज आला.

"कोंडा वो तिले!"

बायांना तेवढंच पाहिजे होतं. बघता बघता माझ्या चारी बाजूंनी पऱ्हे लागले. मी मधोमध, पोटरीपर्यंत चिखलात, निवृत्त मुख्याध्यापिका! सगळ्या हसत होत्या. नेम म्हणजे नेम. मी हात जोडले आणि बांधाकडं तोंड करून म्हटलं, "वाट दे, माय."

एका बाईनं रोप उपटायला हात घातला. मायनं तिला थांबवलं. मोऱ्याखालून माझ्याकडं पाहिलं.

"मले किती दिस ठेवली होती तूनं?" ती म्हणाली. "उभी राय आता जराशी."

मी उभी राहिले.