शोभनाकाकूंचा लाल टॅग

काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट घातलेला माणूस बर्फावर उतरला, की शोभनाकाकू हातातला चहाचा थर्मास बाजूला ठेवायच्या आणि म्हणायच्या, "आला मेला." त्यानं अजून शिट्टीसुद्धा तोंडाला लावलेली नसायची. पंच कोण, कुठला, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. पंच ही जातच त्यांच्या डोक्यात जायची.

आता तुम्ही म्हणाल, साठी उलटलेली, नाशिकहून आलेली, मंडळाच्या हळदीकुंकवाला नऊवारी नेसून मिरवणारी बाई आइस हॉकीच्या नादी लागली कशी? तर त्याचं मूळ कारखान्यात आहे.

मिशिगनमधल्या नोव्हाय गावाच्या पलीकडे ब्रेकचे भाग बनवणारा एक कारखाना होता. काकू तिथं तपासनीस. त्या कारखान्यात एक रीत होती. तपासून झालेलेच नग, खुणा झाकून, पुढचे मागं करून, तपासनिसापुढं पुन्हा ठेवायचे. सकाळी पास केलेला नग दुपारी नापास केलास, की तू लाइनवरून खाली. नगात खोट नाही, तुझ्यात खोट आहे. आणि खरोखर नापास झालेल्या नगाला तारेनं लाल पुठ्ठ्याचा टॅग बांधायचा. काकूंनी बांधलेला टॅग सोडायची साहेबाचीही छाती नव्हती. या परीक्षेत काकू कधी चुकल्या नाहीत, आणि चुकणाऱ्यांना त्यांनी कधी माफ केलं नाही. मंडळाच्या दिवाळीत बटाटेवडे बघून "हा घाणा वेगळा, तो घाणा वेगळा, एका हातचे नाहीत" असं त्या वाढणाऱ्याच्या तोंडावर सांगायच्या. त्यामुळे त्यांच्या ताटात वडे टाकून बायका पटकन पुढं सरकायच्या.

एकदा कारखान्यानं कामगारांना हेरॉन्सच्या मॅचची फुकट तिकिटं वाटली. हेरॉन्स म्हणजे तिथला दुय्यम लीगमधला संघ, पण पगारी. काकूंना पक, म्हणजे ती रबराची काळी चकती, दिसेना, गोल झाला की लोक उठतात म्हणून त्याही उठायच्या. पण एक गोष्ट त्यांना पहिल्याच दिवशी दिसली. पायात स्टिक घालून पाडलं म्हणून पट्टेवाल्या पंचानं एकाला दोन मिनिटं बाहेर बसवलं आणि थोड्या वेळानं दुसऱ्यानं तेच केलं तर मान फिरवली. काकू ताडकन उभ्या राहिल्या. "अरे, तोच नग आहे," त्या मराठीतच ओरडल्या. तिथून जे सुरू झालं ते थांबलं नाही.

पुढं नोकरी संपली, काका गेले. मुलगा ईशान दूर क्युपर्टिनोला, रविवारी फोन करायचा आणि "आई, आर यू ईटिंग वेल" विचारून ठेवून द्यायचा. काकूंकडे उरली ती शनिवारची संध्याकाळ आणि तिसऱ्या रांगेतली ती खुर्ची. पोटभर ओरडलं तरी "बरं वाटत नाहीये का" असं कुणी विचारत नाही, अशी साऱ्या मिशिगनमध्ये तेवढी एकच जागा होती. पंच चुकला की काकू पर्समधून कारखान्यातला लाल टॅग काढून डोक्यावर धरायच्या आणि आजूबाजूचे गोरे तात्ये टेबल बडवावं तशा खुर्च्या बडवायचे.

त्यांच्या शेजारी परीक्षित बसायचा. नागपूरचा पोरगा, सॉफ्टवेअरवाला, काकूंनीच त्याला हे वेड लावलं. गेल्या वर्षी पंचाच्या एका निकालावर त्यानं पॉपकॉर्नचा रिकामा डबा बर्फावर फेकला. पासामागं छापलेलंच आहे, काही फेकलं की पास कायमचा रद्द. त्याचा झाला. तेव्हापासून तो काकूंना गाडीतून सोडायचा आणि बाहेर पार्किंगमध्ये बसून फोनवर मॅच बघायचा. "काकू, तुम्ही माझ्या वाटच्या पण शिव्या घालून या," म्हणायचा.

आणि मग तो जानेवारीतला शनिवार आला. हेरॉन्सच्या एका पोरानं तिसरा गोल मारला. एकानं तीन मारले की लोक टोप्या फेकतात, तशी तिथली रीत आहे. बर्फावर टोप्यांचा सडा पडला. पोरं फावड्यानं टोप्या गोळा करत होती आणि पंच कमरेवर हात ठेवून हसत होता. पुढं बरोबरी झाली. मग समोरच्यानं आपल्या पोराच्या पायात स्टिक घातली, पोरगं तोंडावर आपटलं, शिट्टी नाही. लगेच आपल्यानं तेच केलं, शिट्टी, दोन मिनिटं बाहेर.

काकूंनी टॅग वर धरला. पंच मैदानाभोवतीच्या काचेजवळून गेला, त्यानं वर बघितलं आणि डोळा मारला.

काकूंचा हात सुटला. टॅग भिरभिरत काचेवरून गेला आणि पंचाच्या बुटापाशी पडला. एवढासा पुठ्ठा. पंचानं तो उचलला, दोन्ही बाजूंनी वाचला आणि प्रेक्षकांनी वस्तू फेकली म्हणून हेरॉन्सचा आणखी एक खेळाडू बाहेर बसवला. पाच-सहाशे टोप्या चालल्या, एक टॅग चालला नाही. दोन माणसं कमी, समोरच्यांनी गोल केला, मॅच गेली.

इतकी वर्षं खुर्च्या बडवणारे ते तात्ये आता काकूंकडे वळले. "थँक यू, लेडी," पाठीमागचा म्हणाला, "तुझ्यापेक्षा पंच बरा." काकूंनी त्याला नाशिकच्या बाजारातली एक अस्सल शिवी दिली. त्याला अर्थ कळला नाही, पण तो खाली बसला.

बुधवारी स्टेडियमच्या ऑफिसात बोलावणं आलं. खुर्ची जाणार, हे काकूंना कळून चुकलं होतं. चार दिवस त्या धड जेवल्या नव्हत्या. परीक्षितनं सोडलं, त्या आत गेल्या. मॅनेजर ब्रॅड, गुलाबी चेहऱ्याचा, पुढं होऊन त्यानं खुर्ची दिली.

"शोभना, तुम्हाला बघून मला माझ्या आजीची आठवण येते," तो म्हणाला. "या वेळी आपण सोडून देऊ. पास ठेवा."

काकूंचा जीव क्षणभर खरंच भांड्यात पडला. मग त्यांनी विचारलं, "नियम काय आहे?"

"फेकलं की पास रद्द."

"मी फेकलं?"

"फेकलंत. पण प्रत्येक केस वेगळी असते. थोडं बघून घ्यावं लागतं."

"परीक्षितच्या वेळी काय बघितलंस?"

"तो तरुण माणूस होता. रागीट वाटला."

"मी त्याच्यापेक्षा रागीट आहे. त्याचा डबा नुसता पडला. माझ्यामुळं मॅच गेली."

ब्रॅड हसला. त्यानं हसायला नको होतं. काकू उठून उभ्या राहिल्या. "त्याचा पास परत दे, नाहीतर माझा घे. दोन्हींपैकी एक कर."

"त्याचा निर्णय झालेला आहे, आता बदलता येत नाही. आणि तुमचा मी मागतच नाहीये."

"आमच्या कारखान्यात तू एक दिवस टिकला नसतास," काकू म्हणाल्या. गळ्यातला पास काढून त्यांनी त्याच्या कॉफीशेजारी ठेवला. आणि त्या दाराकडे निघाल्या. मागून ब्रॅड "मॅम, मॅम" करत राहिला.

गाडीत बसल्यावर त्यांनी काय झालं ते सांगितलं. परीक्षितनं गाडी सुरूच केली नाही.

"त्यानं सोडलं होतं, आणि तुम्ही पास देऊन आलात?"

"हो."

"काकू, माझ्यासाठी केलंत का हे?"

"तुझ्यासाठी कशाला करीन? तू गाढवासारखा डबा फेकलास. तुझा गेला ते बरोबरच होतं."

"मग यार, का?"

"त्या गुलाबी तोंडाच्या माणसाची मेहेरबानी घेऊन मी तिथं बसू? आणि वर पंचाला शिव्या घालू? कुठल्या तोंडानं घालू?"

परीक्षितनं बाहीनं समोरच्या काचेवरची वाफ पुसली. बर्फ पडत होतं. "मी असतो तर गपचूप घेतला असता," तो म्हणाला.

"ठाऊक आहे. म्हणून तर तू लाइनवर चालला नसतास." काकूंनी पट्टा ओढून लावला. "चल आता. आणि शनिवारी माझ्याकडे ये, टीव्ही मोठा आहे. येताना कुणाला आणू नकोस, मला मोकळेपणी ओरडायचंय."